वापरलेला फुल-फ्रेम मिररलेस घेताना: आधी लेन्स, मग बॉडी, सगळ्यात शेवटी पैसे

व्हॉट्सॲपवर मेसेज पडतो: "ए७ मार्क ३, बिल-बॉक्स सगळं, काउंट कमी, आजच्या आज द्यायचाय." (काउंट म्हणजे शटर आजवर किती वेळा चाललं तो आकडा.) तासाभरात टोकन जातं, संध्याकाळी कॅमेरा घरी येतो, आणि आपल्या जुन्या लेन्स याला लागतात का हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा पडतो. नाशिकमध्ये क्रॉप (लहान सेन्सरच्या) बॉडीवरून फुल-फ्रेमवर (मोठ्या सेन्सरवर) जाणारे निम्मे लोक याच उलट्या क्रमाने जातात. २०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय, आणि "गोदाघाटावर काम मिळेल, आत्ताच घेऊन टाकू" अशी घाई त्यात भर घालते आहे.

कॅनन २००डी, निकॉन डी५६००, सोनी ए६००० अशा बॉडीवर हात बसलेल्या आणि आता वापरलेला फुल-फ्रेम घेणाऱ्या माणसासाठी हा क्रम लिहिला आहे. कंटाळा आला म्हणून मधला टप्पा गाळू नका. महागात पडतो तो बहुतेक वेळा दुसरा आणि सातवा.

## टप्पा १: गेल्या वर्षीचं काम कागदावर उतरवा

पुढे काय करणार ते लिहू नका, गेल्या वर्षी प्रत्यक्षात काय शूट केलं ते लिहा. लग्नं किती, व्हिडिओ किती, प्रॉडक्ट किती, ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या वाऱ्या किती. कॅमेरा या यादीवरून ठरतो.

लग्न आणि इव्हेंट हे मुख्य काम असेल तर दोन कार्ड-स्लॉट हवेतच. यात मी तडजोड सुचवणार नाही. अंतरपाट एकदाच दूर होतो, आणि कार्ड उडालं तर त्या घरी जाऊन सांगायला तुमच्याकडे काहीच उरत नाही.

निसर्ग, वास्तू, प्रॉडक्ट हे काम असेल तर एका स्लॉटवर भागतं. तिथे पैसा मेगापिक्सेल आणि लेन्सवर घाला.

नांदूर मध्यमेश्वरला पक्षी टिपणाऱ्यांनी मात्र इथेच थांबून विचार करावा. ४०० एमएमची लेन्स १.५ क्रॉप बॉडीवर ६०० एमएमइतकी चौकट देते. फुल-फ्रेमवर ती चौकट पुन्हा ४०० ची होते आणि फ्लेमिंगो तेवढाच लहान दिसतो. जास्त पोहोच हवी असेल तर फुल-फ्रेम हे त्याचं उत्तर नाही, ते पैसे लांब लेन्ससाठी ठेवा.

तपासा: यादीत व्हिडिओ निम्म्याहून जास्त असेल तर शेजारी तसं ठळक लिहा. पुढे मॉडेल आणि तपासणी दोन्ही त्यानुसार बदलतात.

## टप्पा २: बॅगेतल्या लेन्सची झडती

बॉडी दोन-चार वर्षांत बदलते, लेन्स टिकतात. म्हणून माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला जिथे बसते ती जोडणी, आधी ठरवायचा. सगळ्या लेन्स टेबलावर मांडा आणि प्रत्येकीबद्दल दोनच गोष्टी बघा: ती फुल-फ्रेमची आहे की क्रॉपची, आणि तिची फोकस मोटर कुठे आहे.

कॅननवाल्यांचं काम सर्वांत सोपं. ईएफ लेन्स ॲडॉप्टर लावून आर मालिकेच्या मिररलेस बॉडीवर चांगल्या चालतात, ऑटोफोकससकट. ईएफ-एस लेन्सही लागतात, पण बॉडी आपोआप क्रॉप करते. ३० मेगापिक्सेलच्या ईओएस आरवर तेव्हा साधारण १२ मेगापिक्सेल उरतात, २० मेगापिक्सेलच्या आर६ वर ८ सुद्धा नाहीत. १८-५५ आणि ५५-२५० या दोनच लेन्स असतील तर तुमच्याकडे फुल-फ्रेमची एकही लेन्स नाही, असंच धरून हिशोब करा.

निकॉनवाल्यांनी जास्त सावध राहावं. जुन्या लेन्स झेड मालिकेच्या मिररलेस बॉडीला जोडणाऱ्या एफटीझेड ॲडॉप्टरमध्ये लेन्सचा फोकस-स्क्रू फिरवणारी मोटर नाही. एएफ-एस आणि एएफ-पी लेन्सचा ऑटोफोकस चालतो, एएफ-डी लेन्स हाताने फोकस कराव्या लागतात. डी७००० किंवा डी९० वर वर्षानुवर्षं वापरलेली ५० एमएम १.८ डी झेड बॉडीवर गेली की मॅन्युअल लेन्स होते. टॅमरॉन-सिग्माच्या जुन्या निकॉन लेन्स ॲडॉप्टरवर स्वतः लावून बघितल्याशिवाय हिशोबात धरू नका.

सोनीच्या ए६००० वाल्यांचा माउंट तोच ई राहतो, ॲडॉप्टर लागत नाही. मात्र क्रॉपच्या लेन्सवर २४ मेगापिक्सेलचे साधारण १० उरतात.

आता कंपनीच बदलायची असेल तर. सोनीच्या ई माउंटला टॅमरॉन आणि सिग्माच्या ऑटोफोकस लेन्स भरपूर आहेत आणि वापरलेल्याही मिळतात. निकॉन झेडला त्याहून कमी, पण कामाच्या आहेत. कॅननच्या आरएफ माउंटवर इतर कंपन्यांच्या फुल-फ्रेम ऑटोफोकस लेन्सची निवड अगदी तोकडी आहे. तिथला व्यवहारी मार्ग म्हणजे जुन्या ईएफ लेन्स आणि ॲडॉप्टर, आणि ईएफ लेन्सचा वापरलेला बाजार मोठा आहे.

फार कमी लोक करतात तो हिशोब असा. क्रॉपवरून फुल-फ्रेमवर गेल्यावर कमी उजेडातला फायदा ढोबळमानाने एक ते सव्वा स्टॉपचा असतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). आज तुम्ही क्रॉपवर एफ २.८ ची लेन्स वापरता आणि फुल-फ्रेमवर पैसे संपले म्हणून एफ ३.५-५.६ ची किट लेन्स लावली, तर झूमच्या लांब टोकाला दोन स्टॉप गमावले. लॉनमधल्या रिसेप्शनला नवा कॅमेरा जुन्यापेक्षा जास्त नॉइज देईल, आणि दोष बॉडीला दिला जाईल.

चौकटही बदलते. कॅनन क्रॉपवर ५० एमएम ८० सारखी वागायची, म्हणून पोर्ट्रेट छान यायचे. फुल-फ्रेमवर ती ५० च आहे. जुना पोर्ट्रेट हवा तर ८५ लागेल, आणि तिची किंमत आत्ताच यादीत लिहा.

सावधान: "लेन्स नंतर घेऊ" असं म्हणून घेतलेली बॉडी सहा महिने कपाटात राहते, आणि सहा महिन्यांत तिचा भाव उतरतो.

## टप्पा ३: बॉडीबाहेरचा खर्च

हातात असलेल्या रकमेतली साधारण पन्नास-पंचावन्न टक्के बॉडीसाठी धरा, उरलेली लेन्स आणि किरकोळ सामानाला. हे किरकोळ सामानच चावतं.

कार्डं: ४के व्हिडिओ किंवा वेगवान बर्स्ट (सलग झरझर फोटो) लागत असेल तर यूएचएस-२, म्हणजे जास्त वेगाने लिहिणारं एसडी कार्ड. निकॉन झेड६ ला एसडी चालतच नाही, एक्सक्यूडी किंवा फर्मवेअर अपडेटनंतर सीएफएक्स्प्रेस टाइप बी लागतं. कार्ड आणि रीडर, दोन्ही महाग.

बॅटऱ्या: दिवसभराच्या लग्नाला कंपनीच्या किमान दोन. सोनी ए७ मार्क २ ला एनपी-एफडब्ल्यू५० ही लहान बॅटरी आहे, तिथे चार धरा. मार्क ३ पासून एनपी-एफझेड१०० आली आणि हा त्रास मिटला.

फ्लॅश ट्रिगर (कॅमेऱ्यावरून दूरचे फ्लॅश उडवणारा): गोडॉक्सचा ट्रिगर कंपनीनुसार वेगळा असतो. कॅननवरून सोनीवर गेलात तर लाइट तेच राहतील, ट्रिगर नवा लागेल. कंपनी बदलणाऱ्यांच्या यादीत हा सहसा नसतोच.

संगणक: ईओएस आर आणि तिच्यानंतरच्या कॅनन आर बॉडी सीआर३ जातीची रॉ फाइल लिहितात, आणि एकदाच विकत मिळणारं जुनं लाइटरूम ६ ती उघडत नाही. ॲडोबीचा मोफत डीएनजी कन्व्हर्टर वापरून मार्ग निघतो, पण अल्बमच्या कामात एक पायरी वाढते. ए७ मार्क ४ किंवा आर६ चं १०-बिट फुटेज जुन्या मशिनवर अडखळतं.

तपासा: यादीची बेरीज करून बॉडीसाठी किती उरतात ते लिहा. मॉडेल या आकड्यात बसवायचं, आकडा मॉडेलसाठी ताणायचा नाही.

## टप्पा ४: मॉडेल ठरवा, दोनपेक्षा जास्त नकोत

लग्नासाठी, कमी पैशात: निकॉन झेड५ (२०२०). २४ मेगापिक्सेल, दोन्ही स्लॉट यूएचएस-२ एसडी, बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय). ४के मध्ये १.७ चा क्रॉप बसतो, बर्स्टही हळू. फोटोच जास्त असतील तर माझ्या मते पैशाच्या मानाने ही सर्वांत शहाणी निवड, आणि दिमाख नसल्यामुळे तिच्यावर कोणी फारशी घासाघीसही करत नाही.

लग्नासाठी, थोडे जास्त पैसे: सोनी ए७ मार्क ३ (२०१८), कॅनन आर६ (२०२०), निकॉन झेड६ मार्क २ (२०२०). ए७ मार्क ३ मध्ये दोन स्लॉट आहेत पण वेगवान एकच, आणि व्हिडिओ ८-बिट. आर६ चा ऑटोफोकस फार चांगला, पण ४के ६० फ्रेमला तो तापून थांबतो. मे महिन्यातल्या दुपारच्या लग्नाला हे विसरू नका. झेड६ मार्क २ मध्ये एक स्लॉट सीएफएक्स्प्रेसचा आणि एक एसडीचा, म्हणजे कार्डं दोन जातीची.

एका स्लॉटच्या बॉडी: कॅनन ईओएस आर (२०१८), आरपी (२०१९), निकॉन झेड६ (२०१८), सोनी ए७सी (२०२०), ए७ मार्क २ (२०१४). ईओएस आर आणि आरपी दोन्हींत बॉडी स्टॅबिलायझेशन नाही. स्वतःच्या हौसेसाठी, भटकंतीसाठी, स्टुडिओतल्या प्रॉडक्टसाठी यातलं काहीही घ्या. पैसे घेऊन लग्न करणार असाल तर नको.

तपशील हवा असेल तर सोनी ए७आर मार्क ३ (२०१७), ४२ मेगापिक्सेल. हार्ड डिस्क लवकर भरतात.

व्हिडिओ मुख्य असेल तर पॅनासॉनिक एस५ स्वस्तात दिसेल. २०२० च्या एस५ मध्ये फेज डिटेक्ट ऑटोफोकस (हलणाऱ्या माणसाला पटकन धरणारी पद्धत) नाही, तो २०२३ च्या एस५ मार्क २ मध्ये आला. गिंबलवर एकट्याने काम करणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

निकॉनने २०१९ मध्ये झेड६ आणि झेड७ च्या सुरुवातीच्या काही बॉडींसाठी स्टॅबिलायझेशनच्या मोफत दुरुस्तीची सूचना काढली होती. पहिल्या लॉटची बॉडी मिळत असेल तर ते काम झालंय का हे विचारा.

## टप्पा ५: भेटायच्या आधी, फोनवरच गाळणी लावा

चार प्रश्न फोनवरच विचारा. पहिला: बिल कोणाच्या नावावर आहे, आणि कॅमेरा हप्त्यावर घेतला होता का? घेतला असेल तर हप्ते संपल्याचं पत्र आहे का? दुसरा: बॉडी भाड्याने जायची का? तिसरा: फोटोला जास्त वापरली की व्हिडिओला? चौथा: का विकताय? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर काय मिळतं यापेक्षा किती सहज मिळतं याकडे लक्ष द्या.

मग एक न एडिट केलेला फोटो मागा, थेट कार्डावरचा, आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साधा फोटो म्हणून पाठवला की त्यातली कॅमेऱ्याची माहिती पुसली जाते, आणि "फाइलमध्ये काउंट दिसत नाही" असा घोळ होतो. निकॉनच्या फाइलमध्ये शटर काउंट लिहिलेला असतो, सोनीच्या बऱ्याच मॉडेलच्या फाइलमधूनही तो वाचता येतो. बहुतेक कॅनन आर बॉडींच्या फोटोत हा आकडा नसतो. त्यामुळे आर किंवा आरपीचा विकणारा ठासून "फक्त आठ हजार" म्हणत असेल तर ते कुठे बघितलं हे विचारा.

काउंटला अवास्तव महत्त्व देऊ नका. ए७ मार्क ३ आणि झेड६ चं शटर २ लाखांना, आर६ चं ३ लाखांना तपासलेलं आहे. ६०-७० हजार झालेली, एकाच माणसाने नीट वापरलेली बॉडी मी बिनधास्त घेईन. उलट ५ हजार काउंट आणि घासून गुळगुळीत झालेली ग्रिप दिसली की ओळखावं: ही व्हिडिओची बॉडी. व्हिडिओत आणि सायलेंट मोडमध्ये यांत्रिक शटर हलत नाही, पण सेन्सर तासन्‌तास तापतो, एचडीएमआय सॉकेट सैल होतं. इंजिन बंद ठेवून दिवसभर एसी लावलेल्या गाडीचं मीटर बघण्यासारखं आहे ते.

सावधान: "मी लष्करात आहे, बदली झालीय, कॅमेरा कुरिअरने पाठवतो, आधी थोडं टोकन टाका" हा फसवणुकीचा जुना साचा आहे. न बघता एक रुपयाही द्यायचा नाही. आपली जुनी बॉडी विकतानाही लक्षात असू द्या: पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही.

## टप्पा ६: भेटीची जागा आणि बॅग

भेट दिवसा, आणि शक्यतो विकणाऱ्याच्या घरी किंवा स्टुडिओत. सामान कसं ठेवतो ते तिथे दिसतं. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात भिजलेली बॅग तशीच कपाटात जात असेल तर त्या घरच्या लेन्समध्ये बुरशी शोधावीच लागेल. घरी जमत नसेल तर कॉलेज रोड, गंगापूर रोडकडचं एखादं कॅफे चालेल, पण बाहेर मोकळं आकाश दिसलं पाहिजे. संध्याकाळी सातला द्वारका चौकात गाडीच्या डिकीवर कॅमेरा तपासून होत नाही.

नाशिकमध्ये हवा तो पीस मिळत नसेल तर सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून सीएसएमटीला उतरा, फोर्टमधली कॅमेऱ्याची दुकानं तिथून चालत आहेत. दुकानात खासगी माणसापेक्षा भाव जास्त पडतो, त्या बदल्यात किती दिवसांची टेस्टिंग मिळते ते बिलावर लिहून घ्या. तोंडी शब्द कसाऱ्याच्या पुढे येत नाही.

सोबत न्या: स्वतःची कार्डं (स्लॉट दोन असतील तर दोन), स्वतःची एक लेन्स आणि लागत असेल तर ॲडॉप्टर, फ्लॅश, ब्लोअर, छोटी टॉर्च, लॅपटॉप आणि कार्ड रीडर, हेडफोन, यूएसबी केबल. शिवाय एक मित्र, जो तुमच्याइतका त्या कॅमेऱ्याच्या प्रेमात पडलेला नाही.

## टप्पा ७: तपासणी, याच क्रमाने

किमान पाऊण तास. विकणारा घाई करत असेल तर उठा.

बंद कॅमेरा. तळाची प्लेट, स्क्रू आणि कोपरे आधी. स्क्रूच्या खाचा चावलेल्या दिसल्या तर बॉडी उघडली गेली आहे. का, हे विचारा. तळाशी नंबराचं स्टिकर किंवा त्याचा डिंक असेल तर बॉडी बहुधा भाड्याच्या ताफ्यातली. मग टॉर्च घेऊन डायलच्या खाचा, माइकची छिद्रं आणि रबराच्या कडा बघा. आपल्याकडे रंगपंचमीला रहाडींवर, म्हणजे रंगाच्या मोठ्या हौदांवर, कॅमेरे जातात. गुलाबी-हिरवी रेघ खाचेत दिसली तर रंगाचं पाणी आतही गेलं असेल असं धरा. हॉट शूच्या (फ्लॅश बसायच्या जागेच्या) आतला आणि पोर्टमधला हिरवट गंज हेही पाण्याचंच लक्षण.

कॅमेरा हलवल्यावर आत खडखड वाजली तर लगेच घाबरू नका. बॉडी स्टॅबिलायझेशन असलेल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत, बंद असताना सेन्सर मोकळा असल्यामुळे तसा आवाज येतो. चालू केल्यावरही येत राहिला तर गडबड आहे.

सेन्सर, धूळ आणि ओरखडे. लेन्स एफ १६ वर, आयएसओ १००, फोकस मॅन्युअल करून जवळच्या टोकाला, आणि मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो. लॅपटॉपवर १०० टक्के मोठा करून बघा. काळसर ठिपके धुळीचे असतात. ब्लोअर मारून पुन्हा फोटो काढा, धूळ असेल तर ठिपके हलतात किंवा जातात. तिथेच राहिलेला ठिपका किंवा रेघ म्हणजे चिकटलेला डाग किंवा ओरखडा. सेन्सर साफ करून घेता येतो, ओरखड्याला इलाज नाही.

ईओएस आर बंद केल्यावर शटरचा पडदा पुढे येतो. तो सेन्सर नव्हे. त्यावर बोट लावू नका, जवळून हवाही मारू नका. सेन्सर बघायचा असेल तर मेन्यूतल्या सेन्सर क्लीनिंगमधून जा.

सेन्सर, लेझरचे डाग. ही तपासणी लोक करतच नाहीत, आणि गेल्या काही वर्षांत तीच सर्वांत गरजेची झाली आहे. गणपतीच्या मिरवणुका, संगीत, डीजे, सगळीकडे लेझर लाइट असतात, आणि मिररलेसचा सेन्सर व्हिडिओ चालू असताना सतत उघडा असतो. थेट आलेली एक किरणरेषा त्यावर कायमची जखम करते. एफ ४ वर आणि एफ १६ वर एकाच राखाडी किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. धूळ एफ ४ वर जवळजवळ नाहीशी होते, लेझरचा डाग दोन्हीकडे सारखाच दिसतो. मग लेन्सला टोपी लावून, आयएसओ १६०० वर ५-१० सेकंदांचा फोटो आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. एखाद-दुसरा चमकणारा पिक्सेल सगळ्याच जुन्या सेन्सरवर सापडतो. रंगीत ठिपक्यांचा पुंजका किंवा आडवी-उभी सरळ रेघ दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा. भाव कमी करतो म्हणाला तरी नाही. सेन्सर बदलायचा खर्च बॉडीच्या किमतीशी भांडायला लागतो.

शटर. वेगवान बर्स्टमध्ये शंभरेक फोटो, एकदा १/४००० वर आणि एकदा सर्वांत वेगवान शटरवर, दोन्ही वेळा यांत्रिक शटर निवडून. एका बाजूला अंधारी पट्टी किंवा फोटो-फोटोत उजेडाचा फरक दिसला तर पडदा थकला आहे. हे उन्हात करा. ट्यूबलाइटखाली पट्ट्या दिव्यामुळेही येतात आणि चांगल्या कॅमेऱ्यावर उगाच आळ येतो.

ऑटोफोकस. आपली लेन्स पूर्ण उघडी ठेवून मित्राला दहा पावलांवरून चालत यायला सांगा, डोळ्यावर फोकस ठेवून बर्स्ट मारा. किती फोटो पक्के आहेत ते लॅपटॉपवर बघा, स्क्रीनवर सगळेच छान दिसतात. मग विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा सरळ धरून एफ ८ वर फोटो. एकच कोपरा सतत मऊ असेल तर आधी दुसरी लेन्स लावून बघा. तरीही तोच कोपरा मऊ राहिला तर माउंट किंवा सेन्सर तिरका आहे, म्हणजे बहुधा कॅमेरा पडला आहे.

स्टॅबिलायझेशन. लेन्समधलं बंद करा, बॉडीतलं चालू ठेवा. १/१० सेकंदावर हातात धरून दहा फोटो, मग बॉडीतलंही बंद करून दहा. फरक स्पष्ट दिसायला हवा.

बटणं, स्क्रीन, पोर्ट. सेटिंग रीसेट करा, मग प्रत्येक बटण, दोन्ही डायल, जॉयस्टिक, टच. स्क्रीन पूर्ण फिरवत असताना चित्र लुकलुकलं तर आतली पट्टी तुटायला आली आहे. दोन्ही कार्ड-स्लॉटमध्ये लिहून बघा. फ्लॅश उडवा. माइक आणि हेडफोन लावा. एचडीएमआय सॉकेट बोटाने हलकेच हलवा, केबल लावली की ती सैल लोंबते का बघा. ट्रायपॉडचे आटे झिजलेत का तेही.

बॅटरी. निकॉनच्या मेन्यूत बॅटरीचं वय ० ते ४ असं दिसतं, ४ म्हणजे संपलेली. कॅननमध्ये रिचार्ज क्षमतेच्या तीन हिरव्या पट्ट्या दिसल्या तर बॅटरी चांगली. फुगलेली बॅटरी स्लॉटमधून अडकत निघते, ती भेट म्हणूनही घेऊ नका.

व्हिडिओ. तुमच्या कामाच्या सेटिंगवर सलग वीस-पंचवीस मिनिटं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि तोवर कागदपत्रं बघा. मध्येच बंद पडला तर तो मॉडेलचा स्वभाव की या पीसचा दोष, हे कळायला टप्पा ४ मधली टिपणं हाताशी ठेवा. ए७ मार्क ३ एकोणतीस मिनिटांनी आपोआप थांबतो, तो बिघाड नाही.

तपासा: सोबत लेन्स मिळत असेल तर टॉर्च मागच्या बाजूने तिरकी धरून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. दोन-चार धुळीचे कण चालतात, बुरशी चालत नाही.

## टप्पा ८: कागद, मग पैसे

बॉडीवरचा सीरियल नंबर, बॉक्सवरचा, बिलावरचा, आणि कॅनन-निकॉनच्या बाबतीत फोटोच्या फाइलमधला, चारही जुळले पाहिजेत. जीएसटी क्रमांकाचं बिल नसेल तर पीस बाहेरून आलेला असू शकतो. असं वाटलं तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर कळवून, पैसे भरून का होईना, हा पीस दुरुस्तीला घेणार का हे आधीच विचारा.

बिलच नसेल, आणि "हरवलं हो" एवढंच उत्तर असेल, तर सोडून द्या. चोरीची वस्तू आहे असं मानायला कारण असताना ती अप्रामाणिकपणे घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बाजारभावापेक्षा फारच कमी किंमत हेही एक कारणच.

विक्रीचा साधा कागद करा: दोघांची नावं, मॉडेल, सीरियल नंबर, रक्कम, तारीख, सोबत दिलेलं सामान, दोघांच्या सह्या, आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत. मूळ बिल ताब्यात घ्या. ओळखीचा माणूस असला तरी करा. तो ओळखीचा आहे म्हणून कागद मागायला संकोच वाटतो, आणि उद्या बॉडी तुम्ही विकायला काढली की पुढचा माणूस हाच कागद मागतो.

पैशांची सोय आदल्या दिवशी बघून ठेवा. यूपीआयची दिवसाची मर्यादा साधारण एक लाखाची असते. बँकेत नवीन खातं जोडल्यावर पहिल्या दिवशी मोठी रक्कम बऱ्याचदा जात नाही. कॅमेरा पसंत पडलाय आणि पैसे अडकलेत अशा वेळी लोक रोख देतात, आणि रोखीला पुरावा उरत नाही. आधी एक रुपया पाठवून नाव जुळतंय का बघा, मग उरलेले.

घासाघीस तपासणी संपल्यावर, आणि सापडलेल्या दोषांवर. "भाऊ, काहीतरी कमी करा" याला वजन नाही. "दादा, एकच बॅटरी आहे आणि तीही संपलेली, स्क्रीनचा कोपरा खरचटलाय" याला आहे.

## टप्पा ९: पहिले आठ दिवस

कंपनीच्या साइटवरूनच फर्मवेअर घ्या आणि पूर्ण चार्ज बॅटरीवर अपडेट करा. विकणाऱ्याच्या सेव्ह केलेल्या सेटिंग पुसा, वाय-फायला जोडलेला त्याचा फोन काढा, फाइलमध्ये लिहिलं जाणारं त्याचं कॉपीराइटचं नाव बदला. हे राहिलं तर वधू-वरांना गेलेल्या तुमच्या फोटोंत दुसऱ्याच स्टुडिओचं नाव निघतं.

टेस्टिंगची मुदत मिळाली असेल तर ती चालू असतानाच कॅमेऱ्याला राबवा: एक पूर्ण दिवस, शक्य तितके फोटो, सलग व्हिडिओ, रात्रीचा उजेड. रामकुंडावर संध्याकाळची आरती घ्या, अंधार, ज्योती आणि हलणारी माणसं एकाच जागी मिळतात, ऑटोफोकसची परीक्षा होते. दोष निघाला तर फोटो-व्हिडिओसकट त्याच दिवशी लेखी कळवा, मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळची वाट बघू नका.

आणि पैसे घेऊन केलेल्या पहिल्या दोन कामांना जुनी क्रॉप बॉडी बॅगेत असू द्या, चार्ज केलेली आणि कार्ड घातलेली. ती विकायला काढायची असेल तर त्यानंतर.